जुन्या मोटारींतील काष्ठपत्राचे सुटणे व त्याची दुरुस्ती : मराठवाड्याच्या हवामानाच्या संदर्भात

जुन्या इंग्रजी मोटारीच्या डॅशबोर्डावर किंवा दारांच्या वरच्या कडेवर जे गडद, चकचकीत व सुंदर रेषांचे लाकूड दिसते, ते बहुतेक वेळा अखंड लाकूड नसते. हलक्या प्रतीच्या लाकडाच्या अथवा प्लायवूडच्या पाट्यावर सरसाने चिकटविलेला तो अक्रोडाचा किंवा अन्य मूल्यवान वृक्षाचा पातळ पापुद्रा असतो. सुतार त्यास 'विनिअर' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास काष्ठपत्र म्हटले आहे. आजचे यंत्राने सोललेले काष्ठपत्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. जुन्या करवती काष्ठपत्राची जाडी मिलिमीटरभर किंवा किंचित अधिक असे. हाताच्या नखाएवढ्या जाडीच्या या थरावरच त्या मोटारीच्या अंतर्भागाचे सारे सौंदर्य अवलंबून असते. तो थर कडेला उचलला, मध्ये फुगला किंवा त्यास भेगा पडल्या की मालक सुताराकडे धाव घेतो. सुतार पांढरा गोंद भरतो, काचकागदाने वरचा भाग सपाट करतो व त्यावर चकाकणारे रोगण चढवितो. वर्ष दोन वर्षांत तेथेच पुन्हा फोड येतो. मात्र या वेळी वरचा थर घासला गेलेला असल्यामुळे तो निम्मा उरलेला असतो, आणि आणखी एकदा काचकागद चालला तर खालचे प्लायवूड उघडे पडते.

हा दोष केवळ गोंदाचा नव्हे, आणि अधिक घट्ट गोंद हा त्यावरचा उपायही नव्हे. काष्ठपत्र सुटण्याचे मूळ लाकडाच्या ओलाव्यात आहे. आपल्या प्रदेशाच्या हवामानात तो ओलावा वर्षभरात इतका बदलतो, की दुरुस्ती कोणत्या महिन्यात केली यावर तिचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते.

तत्पूर्वी एक प्राथमिक प्रश्न सोडविला पाहिजे. समोर दिसते ते खरोखर लाकूडच आहे काय? हा प्रश्न वरवर हास्यास्पद वाटेल. परंतु महाराष्ट्रात जुन्या मोटारींचा मोठा भाग अमेरिकन बनावटीचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला व तो १९५४ साली बंद केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्यांची जुळणी केली. त्या काळच्या अनेक अमेरिकन मोटारींचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असून त्यावर लाकडाच्या रेषांची केवळ छपाई किंवा रंगकाम केलेले असे. अशा ठिकाणी पापुद्रा निघतो तो रंगाचा असतो. त्यावर सरस लावणे म्हणजे भिंतीच्या पोपड्यास खिळा ठोकण्यासारखे होय. खिशातले एक लोहचुंबक ही शंका क्षणात दूर करते. चुंबक घट्ट चिकटले तर खाली पोलाद आहे आणि हा लेख त्या मालकाच्या उपयोगाचा नाही. पुढच्या काळात काही कारखान्यांनी खरे काष्ठपत्र अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटविण्याची पद्धत स्वीकारली. तेथे चुंबक काहीच सांगणार नाही, म्हणून पाट्याची मागची बाजू प्रत्यक्ष पाहावी. ज्यांच्यापुढे हा प्रश्न खरोखर उभा राहतो त्या मोटारी म्हणजे जॅग्वार, रोव्हर व रोल्स-रॉइस या इंग्रजी गाड्या होत. १९५९ ते १९६७ या काळात निघालेली जॅग्वार मार्क टू ही त्यांपैकी विशेष परिचित. १९९५ पासून पुण्यात जुळविलेल्या मर्सिडीज-बेंझ गाड्याही आता तीस वर्षांच्या झाल्या असून त्यांच्या आतील लाकडी पट्ट्यांवरही हीच वेळ येऊ लागली आहे.

आता हवामानाकडे वळू. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान चुडावा हे गाव आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील या गावाची माती काळी आहे व आसमंत उघडा आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. ऑगस्टात तीच आर्द्रता सकाळी ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. लाकूड हा पदार्थ हवेशी अखंड देवाणघेवाण करीत असतो. दिलेल्या उष्णतेला व आर्द्रतेला लाकडातील पाण्याचे प्रमाण एका ठराविक अंकावर स्थिरावते. या अंकास समतोल ओलावा म्हणतात. चाळीस अंश व वीस टक्के आर्द्रतेत तो सुमारे ४ टक्के असतो आणि सव्वीस-सत्तावीस अंश व ऐंशी टक्के आर्द्रतेत १५ ते १६ टक्के. म्हणजे चुडाव्यासारख्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या मोटारीतील उघड्या लाकडाला एका वर्षात अकरा-बारा टक्क्यांचा प्रवास करावा लागू शकतो. मुंबईत समुद्राच्या सान्निध्यामुळे आर्द्रता बाराही महिने चढी असते. तेथे बुरशीचा उपद्रव अधिक, परंतु हा प्रवास पुष्कळच लहान. किनाऱ्यावरील कारागिराचा अनुभव मराठवाड्यात जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे कारण हेच.

या आकड्यांचा मिलिमीटरमध्ये अर्थ काय? अक्रोडाचे लाकूड पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने साडेसात-आठ टक्क्यांनी व त्रिज्येच्या दिशेने साडेपाच टक्क्यांनी आकसते. लांबीच्या दिशेने मात्र त्याचे आकसणे नगण्य असते. हे आकसणे ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली आल्यावरच सुरू होते. तेव्हा ढोबळ मानाने ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे आडव्या दिशेने पाव टक्का बदल धरता येतो. दहा सेंटिमीटर रुंदीचे मोकळे काष्ठपत्र मे ते ऑगस्ट या अवधीत जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर रुंदावेल. पण ते मोकळे नसते. ते ज्या प्लायवूडवर चिकटविले आहे, त्याचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते फारच थोडे हलते. वरचा थर पसरू पाहतो, खालचा त्याला धरून ठेवतो, आणि ही ओढाताण मधल्या सरसाच्या थरावर येते. ती सर्वत्र सारखी नसते. कडांवर, घड्याळांसाठी व बटणांसाठी पाडलेल्या गोल भोकांभोवती आणि स्क्रूच्या आसपास ती सर्वाधिक असते. काष्ठपत्र नेमके तेथूनच का उचलते, याचा उलगडा येथे होतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथे नोंदविली पाहिजे, कारण भेगांचे रहस्य तिच्यात आहे. पावसाळ्यात पसरण्यास जागा न मिळालेल्या काष्ठपत्रातील पेशी एकमेकींवर दाबल्या जातात आणि तो दाब काही अंशी कायमचा राहतो. उन्हाळ्यात तेच काष्ठपत्र आकसते तेव्हा मूळच्या रुंदीपर्यंत न थांबता त्याहून अरुंद होऊ पाहते. कडा चिकटलेल्या असल्या तर मध्ये भेग पडते, कडा सैल असल्या तर त्या वर वळतात. एका वर्षात हे जाणवत नाही, पण तीस-चाळीस पावसाळ्यांनंतर लपत नाही. गाठीदार अक्रोडाच्या बाबतीत तर तंतूंना दिशाच नसते. ते भोवऱ्यासारखे फिरलेले असतात, म्हणून तेथे एक लांब भेग न पडता कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. मोटार-कारखान्यांनी सौंदर्यासाठी हेच गाठीदार लाकूड अधिक पसंत केले, हे मराठवाड्याच्या दृष्टीने थोडे दुर्दैवच म्हणायचे.

वरील रोगणाचाही या व्यवहारात वाटा आहे. १९२०च्या दशकापासून मोटारींच्या कामात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर रूढ झाले. पुढे जाड पॉलिएस्टर व पॉलियुरेथेनचे थर आले. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायट्रोसेल्युलोज पिवळे व ठिसूळ होते. त्यास भेग पडली की हवेतील बाष्प थेट लाकडात शिरते. त्यातच पाट्याची दर्शनी बाजू रोगणाने बंद असते व मागची बाजू पुष्कळदा कोरीच सोडलेली असते. त्यामुळे ओलावा मागून आत येतो व पाटा वाकतो. मूळ कारागिरांनी हे का केले असेल याचा तर्क करणे कठीण नाही. त्या गाड्या इंग्लंडच्या थंड व दमट हवेसाठी बांधल्या होत्या, तेथे वर्षभरातला फरक इतका टोकाचा नसतो.

आता सरसाचा प्रश्न. दुरुस्तीपूर्वी जुना चिकटपदार्थ कोणता हे ओळखल्याशिवाय नवा आत घालू नये, कारण बहुतेक चिकटपदार्थ परक्या जातीच्या जुन्या थरावर नीट धरत नाहीत. युद्धपूर्व मोटारींत प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस सामान्यतः आढळतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने १९३७ साली 'एरोलाइट' हा युरिया-फॉर्माल्डिहाइड जातीचा चिकटपदार्थ काढला. युद्धकाळात मॉस्किटो हे लाकडी विमान त्याने जोडले गेले, आणि युद्धानंतर अशी कृत्रिम रेझिने सामान्य लाकूडकामातही पसरली. म्हणून १९५०च्या पुढच्या गाडीत दोहोंपैकी काहीही निघू शकते. मधल्या काळात कोणी दुरुस्ती केली असल्यास तिसरा, पांढरा गोंदही भेटतो. हा पॉलिव्हिनिल अॅसिटेटचा गोंद. १९५९ साली मुंबईत निघालेल्या 'फेव्हिकॉल'चे नाव आपल्याकडे त्या साऱ्या जातीलाच पडले आहे.

ओळखण्याच्या कसोट्या साध्या आहेत. सुटलेल्या पापुद्र्याखालून ब्लेडने खरवडलेले कण कोमट पाण्यात टाकावेत. ते फुगून चिकट झाले तर तो सरस होय. खात्रीसाठी त्या द्रावात कॉस्टिक सोड्याचे थोडे द्रावण व मोरचुदाच्या विरळ द्रावणाचे दोन थेंब घालावेत. जांभळा रंग आला तर पदार्थ प्रथिनयुक्त आहे. रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास ही कसोटी परिचित असते. दुधातील केसीनपासून केलेला सरसही हाच रंग देईल, परंतु तो कोमट पाण्यात सहज विरघळत नाही. कण पाण्यात पांढरट व मऊ झाले, अॅसिटोनने सैल पडले, तर तो पॉलिव्हिनिल अॅसिटेटचा गोंद समजावा. दोन्हींना दाद न देणारे, काचेसारखे कडक व ठिसूळ कण असतील तर युरिया-रेझिन असण्याचा संभव अधिक.

मग नवा चिकटपदार्थ कोणता घ्यावा? या बाबतीत कारागिरांत व संग्राहकांत मतभेद आहेत, आणि ते असणे स्वाभाविक आहे. पॉलिव्हिनिल अॅसिटेटचा गोंद घरातील कपाटाला उत्तम, पण मोटारीच्या डॅशबोर्डाला आमच्या मते योग्य नव्हे. हा पदार्थ तीस-पस्तीस अंशांच्या पुढे हळूहळू मऊ पडू लागतो व ताणाखाली सरकतो. बंद मोटारीत मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डाचा पृष्ठभाग सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो. अशा तापमानात काष्ठपत्र त्याच्यावरून अक्षरशः घसरते. युरिया-रेझिन उष्णतेने मऊ होत नाही व ताणही चांगला सोसते. परंतु एकदा बसले की पुन्हा उलगडता येत नाही, आणि दीर्घकाळच्या दमट हवेत त्याचेही विघटन होते. सरसाचे गुण नेमके उलट आहेत. कोरड्या उष्णतेत तो ठिसूळ होतो, दमट उष्णतेत मऊ पडतो, त्यास बुरशी लागते. पण त्याचा एक गुण असा, की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणास तो जोड सोडवायचा झाला, तर कोमट पाणी व थोडा धीर एवढ्यावर तो सुटतो. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही तिच्यावर असे काम करावे जे पुढच्या कारागिरास उलगडता येईल, ही वस्तुसंग्रहालयांतील रीत मोटारीलाही लागू करण्यात काही अडचण नाही. म्हणून मूळ सरस असेल आणि मोटार सावलीत राहणार असेल तर सरसच वापरावा. मोटार रोज उन्हात उभी राहणार असेल व मूळ जोड कृत्रिम रेझिनचा असेल, तरच युरिया-रेझिनकडे वळावे. दोन्हींची मिसळ मात्र कधीही करू नये.

सरस निवडल्यास ऋतूचा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा होतो. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. तेव्हा घट्ट चिकटविलेले काष्ठपत्र उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात ते आकसलेले असते. तेव्हा चिकटविलेले पहिल्याच पावसात पसरून वर फुगते. या दोन टोकांच्या मधोमध, म्हणजे समतोल ओलावा आठ-दहा टक्क्यांच्या आसपास असताना, काम केले तर दोन्ही बाजूंचा ताण निम्म्यावर येतो. मराठवाड्यात हा काळ पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागल्यावर, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व साधारणपणे माघ संपेपर्यंत टिकतो. शिवाय सरसाचे द्रावण तीस-पस्तीस अंशांच्या खाली आल्यावर गोठते, आणि हे गोठणेच काष्ठपत्राला पहिल्या काही मिनिटांत जागेवर धरून ठेवते. चाळीस अंशांच्या हवेत ते गोठतच नाही, केवळ हळूहळू वाळते, व तोवर काष्ठपत्र सरकून जाते. श्रावणात उलट ते वाळतच नाही आणि त्याला वास येऊ लागतो. गावातील जुने सुतार सरसाचे काम हिवाळ्यासाठी राखून ठेवीत असतील, तर त्यामागे असे सबळ कारण आहे.

प्रत्यक्ष काम गाडीत बसून करू नये. पाटे काढूनच घ्यावेत. काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत व प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घालावा. याचे कारण केवळ विसरभोळेपणा नव्हे. चांगल्या गाडीत डाव्या व उजव्या दाराच्या पट्ट्या एकाच लाकडाच्या लगतच्या दोन कापांपासून केलेल्या असतात आणि पुस्तकाची दोन पाने उघडावीत तशा त्यांच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब असतात. एखादी पट्टी गहाळ झाली तर साऱ्या गाडीचा मेळ तुटतो. सर्व स्क्रू आपापल्या भोकाप्रमाणे वेगळे ठेवावेत. मागच्या बाजूला पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा बंदोबस्त आधी करावा, नंतर बाकीचे. मग हे पाटे दोन-तीन आठवडे खोलीत सावलीत, हवा खेळेल असे उभे ठेवावेत. घाईच्या मालकास हे थांबणे निरर्थक वाटते, परंतु लाकडाला खोलीच्या हवेशी जुळवून घेण्यास तेवढा वेळ लागतोच.

त्यानंतर सुटलेला भाग नकाशासारखा आखून घ्यावा. तिरप्या उजेडात पाटा धरल्यास फोड दिसतात. नखाने हलकेच टिचक्या मारीत गेल्यास जेथे पोकळी आहे तेथे आवाज बदलतो. अशी जागा खडूने वेढून टाकावी. जेथे काष्ठपत्राचे कपचे सुटून पडण्याच्या बेतात आहेत तेथे पातळ कागदाची पट्टी विरघळणाऱ्या खळीने वरून चिकटवून त्यांना तात्पुरता आधार द्यावा. हरवलेला नखाएवढा कपचाही नव्याने बनविण्यास अर्धा दिवस जातो.

मूळ सरस अजून जिवंत असेल, म्हणजे जोड नुकताच सुटला असेल व आत धूळ गेली नसेल, तर पुष्कळदा नवा सरस लागतही नाही. सुटलेल्या कडेखाली ब्रशने कोमट पाणी किंचित पोचवावे, त्यावर तेलकागद ठेवून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापविलेला लाकडी ठोकळा दाबावा व शिकंज्यात आवळून एक दिवस सोडावे. आपल्याकडे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरविण्याची प्रथा आहे. तिच्याविषयी येथे स्पष्ट इशारा देणे भाग आहे. इस्त्रीच्या वाफेने नायट्रोसेल्युलोजचे लॅकर पांढरे पडते, आणि हे लॅकर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने तापलेली इस्त्री किंवा उघडी आच त्याच्याजवळ नेणे धोक्याचे आहे.

आत धूळ, मेण वा जुनी पॉलिश गेली असेल तर मात्र पोकळी स्वच्छ केल्यावाचून गत्यंतर नाही. पातळ, लवचिक पाते आत सरकवून जुना सरस कोमट पाण्याने भिजवावा व थोडा थोडा काढावा. पाते काष्ठपत्राच्या तंतूंच्या दिशेने चालवावे. मध्येच फुगलेल्या फोडास कड नसते. अशा ठिकाणी धारदार ब्लेडने तंतूंच्या दिशेने एक बारीक चीर द्यावी. आडवी चीर कधीही देऊ नये, ती कायम दिसते. सरस आदल्या रात्री थंड पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवावा. तो उकळला की त्याची ताकद जाते. इंजेक्शनच्या पिचकारीने तो चिरेतून आत सोडावा, बोटाने मध्यापासून कडेकडे दाबीत जादा सरस बाहेर काढावा व ओल्या फडक्याने तत्काळ पुसावा. वर तेलकागद, त्यावर बुचाचा किंवा नमद्याचा तुकडा, त्यावर ठोकळा व मग शिकंजा. डॅशबोर्डाचा भाग बहुधा वक्र असतो आणि सपाट ठोकळा वक्र पृष्ठावर दोनच ठिकाणी टेकतो. तेथे कोमट केलेल्या वाळूची पिशवी दाबण्यासाठी घ्यावी. ती हव्या त्या आकारात बसते व उष्णताही पुरविते. शिकंजा फार आवळू नये. सारा सरस बाहेर पिळून गेला तर जोड कोरडा राहतो. चोवीस तास झाल्याखेरीज काही उघडू नये.

हरवलेल्या भागासाठी ठिगळ लागते. युरोपीय मोटारींतील अक्रोड व काश्मिरातील अक्रोड या दोहोंची वनस्पतिशास्त्रीय जात एकच, जुग्लान्स रेजिआ. म्हणून परदेशी काष्ठपत्र मिळाले नाही तर काश्मिरी लाकडाचा तुकडा अधिक जवळचा ठरतो. आपला साग किंवा शिसव घालण्याचा मोह टाळावा, कारण पॉलिशखाली आज रंग जुळला तरी रेषा जुळत नाहीत. ठिगळ चौकोनी न कापता दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या आकाराचे कापावे, म्हणजे सांधा डोळ्यांस खटकत नाही. नवे काष्ठपत्र जुन्याहून पातळ असल्यास त्याखाली दुसरा थर घालून उंची जुळवावी. ठिगळ किंचित वर राहिले तर त्यालाच ब्लेडने तासावे, जुन्या पृष्ठास हात लावू नये. रंगाच्या बाबतीत मात्र एक फसगत संभवते. अक्रोड प्रकाशात गडद होत नाही, उलट फिका पडतो. म्हणून ठिगळाचा रंग आजच्या फिकट पृष्ठाशी जुळविला, तरी काही वर्षांत ठिगळ स्वतःच आणखी फिके होईल. ते किंचित गडद ठेवणे शहाणपणाचे.

रोगणाविषयी थोडक्यात. जुने लॅकर जेथे शाबूत आहे तेथे ते खरडून काढू नये. दुरुस्त केलेल्या जागेवर चपडा लाखेचे पातळ पॉलिश कापसाच्या बोळ्याने अनेक हात द्यावे. ते स्पिरिटने पुन्हा काढता येते. सारा पाटा उघडा करून नवे, जाड, आरशासारखे रोगण चढविण्याची हौस अनेक मालकांना असते. त्या हौसेपायी काचकागदाखाली जे जाते ते परत येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली व तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येऊ लागली. तो नियम सांगाडा, कवच व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांविषयी बोलतो, डॅशबोर्डावरील पापुद्र्याची मोजदाद करीत नाही. परंतु मूळ स्वरूप म्हणजे काय याची जाण वाढू लागली असताना, जुन्या लाकडाचा नव्या लाकडाशी केलेला सौदा पुढे महाग पडण्याचा संभव आहे.

पाट्याच्या मागच्या कोऱ्या बाजूसही चपड्याचे दोन हात द्यावेत. यामुळे दोन्ही बाजूंनी बाष्पाची ये-जा सारखी मंदावते व पाटा वाकण्याची प्रवृत्ती कमी होते. पाटा पुन्हा बसविताना स्क्रू दाबून आवळू नयेत. शक्य तेथे मागच्या पट्टीतील भोक लांबट करून घ्यावे, म्हणजे लाकडाला हलण्यास वाव राहतो. उन्हाळ्यात बसविलेला पाटा कडांना पत्र्याला टेकलेला नसावा, कारण पावसाळ्यात तो रुंदावणारच आहे.

मोटार ठेवण्याच्या जागेबद्दल दोन गोष्टी येथे सांगणे प्राप्त आहे. काळ्या मातीच्या उघड्या जमिनीवर पत्र्याची शेड घातली तर पावसाळ्यात जमिनीतून सतत बाष्प वर येते आणि दिवसा पत्रा तापून ते मोटारीत शिरते. तळाला मुरूम भरून वर शहाबादी फरशी बसविली व पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधले तर पुष्कळ फरक पडतो. प्लॅस्टिकची ताडपत्री मोटारीवर घट्ट गुंडाळणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय. आत अडकलेले बाष्प रात्री डॅशबोर्डावर दव होऊन बसते. सुती चादर टाकावी, खिडक्यांच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि उंदरांचा उपद्रव असल्यास त्या फटींना जाळी लावावी. मे महिन्यात आत एका उथळ भांड्यात पाणी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. बंद शेडमध्ये त्याने हवेचा कोरडेपणा थोडा कमी होतो हे खरे, परंतु मृगाचा पहिला पाऊस पडताच ते भांडे आठवणीने बाहेर काढले पाहिजे.